उतारावरचा ठोकळा

फळ्यावर एक उतार होता. उतारावर एक ठोकळा, ठोकळ्यातून निघालेले तीन बाण, दोन तुटक रेषा, तीस अंशांचा एक कोन. उजवीकडं आकडेमोडीच्या पाच ओळी आणि सगळ्यांत खाली चौकटीत १०.२ न्यूटन. फळ्यासमोर सतरंजीवर चौतीस मुलंमुली, दाराबाहेर चौतीस जोड चपला, छताला दोन पंखे, त्यांतला एक बंद. मागच्या भिंतीशी स्टुलावर रोहिणी, तिच्या मांडीवर चाचणीचे पेपर आणि हातात तांबडं पेन. एवढं होतं. नव्हती ती फक्त एक ओळ. असला उतार फळ्यावर आला की तिचे वडील मगदूम सर आकड्यांना हात घालण्याआधी डाव्या कोपऱ्यात लिहायचे, 'आधी बघा, सुटतो का?' कॉलेजात तीस वर्षं लिहिलं, निवृत्तीनंतर शाहूपुरीतल्या घराच्या पुढच्या खोलीत अकरावीचे वर्ग घेऊ लागले तेव्हाही लिहिलं. आज डावा कोपरा काळाच होता.

गणित साधं होतं. दोन किलोचा ठोकळा तीस अंशांच्या उतारावर ठेवलाय, घर्षणाचा म्यू शून्य पॉइंट सहा, तर ठोकळ्यावर घर्षण किती? वजन ठोकळ्याला उतारानं खाली ओढतं ते नऊ पॉइंट आठ न्यूटननं. घर्षण जास्तीत जास्त धरू शकतं दहा पॉइंट दोन. म्हणजे ठोकळा सुटत नाही; आणि सुटत नाही म्हणजे घर्षण लागेल तेवढंच धरतं, नऊ पॉइंट आठ, त्याहून कणभर जास्त नाही. दहा पॉइंट दोन ही त्याची ताकद, त्याचं काम नव्हे. हा फरक दरवर्षी निम्म्या वर्गाला कळायचा नाही, आणि कुणी दहा पॉइंट दोन लिहिलं की मगदूम सर खडू कानामागं अडकवून त्याच्याकडं वळायचे. "पावणं, खाली ओढतंय नऊ पॉइंट आठ आणि तुम्ही वर ओढताय दहा पॉइंट दोन. तुमचा ठोकळा आपणहून चढाला लागला की. जोतिबाला निघालाय काय?" मग वर्ग हसायचा, तो पावणा आयुष्यभर ती चूक करायचा नाही, आणि वीस वर्षांनी कुठल्यातरी लग्नात भेटला की स्वतःच म्हणायचा, सर, मी जोतिबावाला. आज फळ्यावरचा ठोकळा जोतिबाला निघाला होता आणि कुणी हसत नव्हतं. चौतीस पेनं चालली होती. सरांनी दहा पॉइंट दोनभोवतीची चौकट पुरी केली, तिच्या खाली नेहमीसारखी दुहेरी रेघ मारली आणि हात झटकला. रोहिणीनं मान खाली घातली, समोरच्या पेपरावर बरोबरची खूण केली आणि मग पाहिलं तर ते उत्तर चूक होतं.

ती का बोलली नाही, हे तिला जेवतानाही कळलं नाही. वर्ग सहाला सुटायचा, कारण मगदुमांच्या घरी दिवस असेपर्यंत जेवणं उरकत. सूर्य मावळल्यावर ताट मांडायचं नाही ही जैन घरातली रीत, आणि त्या रीतीनंच वर्गाचं वेळापत्रक ठरवलेलं. दादा, म्हणजे तिचे वडील, भाकरी मोडत चाचणीविषयी बोलत होते. डाव्या हातानं मोडत होते. दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून सुटला होता. पडला म्हणण्यापेक्षा सुटला, कारण ते त्या कपाकडं बघतच होते. बोटं कपाभोवती होती, आणि तरी कप त्यांच्यातून निघून खाली गेला. दादांच्या चेहऱ्यावर तेव्हा भीती नव्हती, नवल होतं, एखाद्या पोरानं अनपेक्षित उत्तर द्यावं तसं. डॉक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी. मेंदूत बारीक गुठळी, वेळेत आलात, सर, असं तो म्हणाला. बोलणं चार दिवसांत मूळपदावर आलं, चालणं कधी बिघडलंच नव्हतं. हाताला मात्र थरथर राहिली, आणि फळ्यावरच्या ओळी, ज्या दोरी धरून मारल्यासारख्या सरळ असत, उजवीकडं चढू लागल्या. रोहिणी मागं बसून तो चढ डोळ्यानं मोजायची. तीन अंश. थकलेल्या दिवशी पाच.

तेव्हापासून ती काय काय करत आली होती, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नीटसं नाही. खडू आधीच मोडून ठेवायचे, कारण अख्खा खडू थरथरत्या बोटांत तुटतो आणि पोरं बघतात. उद्याची गणितं आदल्या दिवशी करून बघायची. पेपर आपण तपासायचे. एमएस्सीची परीक्षा देऊन घरीच होती, त्यामुळं कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. आजचं गणित दादांनी ऐनवेळी पुस्तकातून उचललं होतं, तिनं न बघितलेलं. आता तिला वाटत होतं, चार महिने दादा नीट उभे होते ते स्वतःच्या बळावर की आपल्या? ठोकळा जागचा हलत नाही तोवर किती धरावं लागतंय एवढंच कळतं. आणखी किती धरता येईल, ते नाही. आणि पुण्याच्या संस्थेला सोमवारी फोन करून हो किंवा नाही सांगायचं होतं. तिथं दुर्बिणीच्या आरशांवर काम होतं, एप्रिलपासून. मुलाखतीत तिनं 'मी सकाळच्या गाडीनं आलो' म्हटल्यावर समोरचे तिघं हसले होते. मुलगी असून आलो म्हणते म्हणून. मग तिनं सांगितलं, आमच्याकडं सगळ्या तसंच म्हणतात, आणि त्यांनी तिला आरशाच्या टेकूवरचा एक प्रश्न घातला, आणि तिनं आधी बघितलं होतं, सुटतो का. त्या एका वाक्यावर आपली निवड झाली असं तिला वाटायचं. वाक्य दादांचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गातली सुष्मिता आली. कागलहून एसटीनं यायची, वर्ग संध्याकाळी असला तरी कॉलेजला जाताना दोन मिनिटं डोकवायची, शंका असली तर ताईला विचारायला. आज शंका नव्हती. तिनं पुस्तक उघडून रोहिणीपुढं धरलं, आणि तिचा चेहरा एखादं चांगलं काम केल्यासारखा उजळलेला होता. "ताई, पुस्तकात आणखी एक चूक सापडली बघा. नऊ पॉइंट आठ छापलंय. मी घरी तीनदा करून बघितलो, सरांचंच येतंय. सकाळी बसस्टँडवर सगळ्यांना सांगितलो. सगळ्यांनी खोडलं." पुस्तकाच्या मागच्या पानावर ९.८ वर तांबडी आडवी रेघ होती आणि शेजारी स्वच्छ अक्षरात १०.२.

पुस्तकातली उत्तरं खोडायची ही या वर्गाची जुनी चाल. त्या पुस्तकात छपाईच्या काही चुका होत्या, दर आवृत्तीत तशाच राहणाऱ्या, आणि जूनच्या पहिल्या दिवशी दादा सगळ्यांना तांबडी पेनं काढायला लावून त्या दुरुस्त करून घ्यायचे. छापलंय म्हणून खरं असं न्हाई, ते सांगायचे, आणि पोरांना त्या पहिल्या दिवशीच, छापील आकड्यावर रेघ मारताना, आपण मोठे झालो असं वाटायचं. रोहिणीलाही वाटलं होतं. दुसऱ्या कुठल्या वर्गात पोरांनी सरांचं उत्तर पुस्तकाशी ताडून पाहिलं असतं आणि आपसांत कुजबुजली असती. इथं त्यांनी पुस्तक सुधारलं. परीक्षा पंधरा दिवसांवर होती. सुष्मिताला ती काहीतरी बोलली, संध्याकाळी बघू असं, आणि सुष्मिता तिच्या दोन वेण्या पाठीवर टाकून पळाली, कारण कॉलेजची घंटा होत आली होती.

आई स्वयंपाकघरात तूर निवडत होती. अरुणाबाईंना शाळेत सातवीपुढं जाता आलं नव्हतं, पण पुढच्या खोलीतला वर्ग त्या रोज दाराआडून ऐकत. रोहिणीनं सगळं सांगितलं, ठोकळा, म्यू, पुस्तक, पोरं. आई सुपातून हात न काढता म्हणाली, काल ते जोतिबाचं आलं न्हाई तेव्हाच मला चुकल्यासारखं वाटलंतं. सांगायला तर पायजे, आई म्हणाली, आणि मी सांगितलं तर म्हणतील, तू डाळ बघ. तू सांग. रोहिणी म्हणाली, दुखेल त्यांना. आईनं पहिल्यांदा वर बघितलं. "दुखू दे की. न दुखवता त्यांना गुंडाळून ठिवलीस तर ते काय माणूस व्हय? लोणचं हाय काय ते?"

रोहिणीला तिच्या आठव्या वर्षाची एक दुपार आठवत राहिली. पन्हाळ्याच्या घाटात दादांनी स्कूटर मध्येच थांबवली होती, इंजिन बंद केलं होतं, आणि मागं बसलेल्या तिला विचारलं होतं, आत्ता स्कूटरला कोण धरलंय? तुम्ही, ती म्हणाली होती. दादा म्हणाले, मी ब्रेक धरलाय. स्कूटरला रस्त्यानं धरलंय. मग त्यांनी तिला उतरवून रस्त्यावर हात ठेवायला लावला. डांबर ऊन आणि खरखरीत होतं, आणि तिला वाटलं होतं की कुठंतरी त्याची बोटं दिसतील. त्याच जूनमध्ये दादांनी तिला पहिल्यांदा वर्गात नेलं, फळीच्या प्रयोगाला. पाच फुटी सागवानी फळी, त्याच लाकडाचा ठोकळा, दोन्ही उद्यमनगरातल्या एका सुताराकडनं करून घेतलेले. फळीचं एक टोक फरशीवर भिंतीच्या कडेला टेकवायचं, दुसरं दादा हातानं हळूहळू उचलायचे, आणि ज्या कोनाला ठोकळा सुटेल तो कोन मोठ्या लाकडी कोनमापकाच्या काट्यावर वाचायचा. तो वाचायचं काम तिचं. सगळे एकतीस येणार म्हणत होते, कारण आदल्या वर्षी तेवढाच आला होता. तिनं फरशीवर आडवं होऊन बघितलं, तीस आणि एकतीसच्या मध्येच कुठंतरी होतं, आणि तिनं एकतीस सांगितलं. दादांनी खाली वाकून स्वतः बघितलं. मग तिच्या केसांवर हात ठेवून म्हणाले, "दिसलं ते सांग. पायजे ते नको." पुढं दरवर्षी तिनं दिसलं ते सांगितलं. एकतीसच यायचा, कधी अर्धा अंश इकडं, कधी तिकडं, आणि तो अर्धा, दादा म्हणायचे, लाकडाचा नव्हे, कोनमापकाच्या जाड रेघांचा.

दुपारी दादा परसात शेवग्याखाली खुर्ची टाकून बसले होते. डॉक्टरनं दिलेला रबरी चेंडू उजव्या हातानं दाबत होते, रोजचा व्यायाम. ती पायरीवर बसली. काय म्हणायचं हे तिनं ठरवलं नव्हतं, आणि तोंडून आलं ते असं : "दादा, कालचा तुमचा ठोकळा जोतिबाला निघालाय."

त्यांना आधी हसू आलं. मग चेंडू दाबलेल्या मुठीतच राहिला. कुठला, त्यांनी विचारलं, आणि तिनं सांगितलं, दोन किलोचा, तीस अंशांचा. ते ओठांतल्या ओठांत आकडे म्हणू लागले. एकोणीस पॉइंट सहा. निम्मे, नऊ पॉइंट आठ. रोहिणी त्यांच्या ओठांकडं बघत होती, ते या आकड्यांत कुठं अडखळतात का म्हणून. अडखळले नाहीत. "पॉइंट चार न्यूटन वर उरतंय," ते शेवटी म्हणाले. कालची ती खोली, तो काळा कोपरा, ती दुहेरी रेघ ते पुन्हा बघत असावेत, आणि कुठं वाट सुटली ते शोधत असावेत. सापडलं नसावं, कारण त्यांनी मान हलवली.

"तू मागं बसलीवतीस."

"व्हय."

"दिसलं तुला?"

"दिसलं."

"मग?"

त्यात राग नव्हता. गणितात मध्येच अडकलेल्या पोराला ते विचारायचे तोच हा 'मग'. किती जणांनी उतरवून घेतलं, त्यांनी विचारलं. चौघापाचांनी असं म्हणता आलं असतं. सगळ्यांनी, ती म्हणाली, आणि पुस्तकातलंही खोडलंय. चेंडू त्यांच्या मुठीतून सुटला, परसाच्या उतारानं मोरीच्या तोंडापर्यंत गेला आणि जाळीला टेकून राहिला. कुणी उठलं नाही. छापील चूक सुधारायला मीच शिकवलं, ते म्हणाले. ही पण छपाईचीच चूक वाटली म्हणायची त्यांना. मग आवाज न बदलता त्यांनी विचारलं, सोमवारी पुण्याला काय सांगणार आहेस? शेवग्याची बारीक पिवळी पानं त्यांच्या सदऱ्यावर पडली होती, ती त्यांनी डाव्या हातानं एकेक काढून टाकली. "आधी मोजू, मग पुण्याचं," ते म्हणाले. "फळी काढ माळ्यावरनं." ती म्हणाली, दादा, फळी जूनमध्ये असते. ते उठत म्हणाले, लाकडाला महिना कळत न्हाई.

पाचला वर्ग भरला तेव्हा फळी भिंतीशी मांडलेली होती आणि फळ्यावर कालचंच चित्र होतं, दहा पॉइंट दोनसकट. सरांनी डाव्या कोपऱ्यात चढत्या अक्षरात ओळ लिहिली. मग वर्गाकडं वळून म्हणाले, काल ह्या खोलीत एक पावणा आलता. त्याचा ठोकळा आपणहून चढाला लागला. तो पावणा मी. कुणी हसलं नाही. त्यांनी गणित पुन्हा केलं, सावकाश, आणि तांबडी पेनं काढून पुस्तकातलं उत्तर पुन्हा लिहायला लावलं. रोहिणी फळीच्या पायथ्याशी कोनमापक धरून बसली होती, त्यामुळं तिला मुलांचे चेहरे खालून दिसत होते. सुष्मिताची मान इतकी खाली होती की वेण्या पुस्तकावर आल्या होत्या. तिला रडू येत होतं की राग, हे सांगता आलं नसतं. पाठीमागून एका मुलानं दुसऱ्याला कोपर मारलं. सर आजारी होते ते पुरते बरे झाले नाहीत, एवढं त्या कोपरात होतं. हेच तर ती चार महिने होऊ देत नव्हती.

दादांनी फळीचं वरचं टोक उजव्या हातानं धरलं. डाव्यानं धरायचं त्यांच्या मनात आलं नसेल असं नाही. फळी वर जाऊ लागली, आणि हाताची थरथर लाकडातून खाली येऊन रोहिणीच्या कोनमापकापर्यंत पोचली, बारीक टकटक होऊन. ठोकळा त्या टकटकीवर मुंगीएवढा सरकला, थांबला, पुन्हा सरकला आणि एकदम खाली आला. खोलीत त्याच्या आपटण्याचा आवाज तेवढा. दादांनी फळी आहे तिथं धरून ठेवली आणि ती वाचेपर्यंत वाट बघितली. काटा हलत होता. दिसलं ते सांग. "चोवीस," ती म्हणाली, आणि आपला आवाज तिला लहान मुलीचा वाटला. लिहा, दादांनी वर्गाला सांगितलं. "हा कोन लाकडाचा न्हाई, माझ्या हाताचा हाय. तरी लिहा." सुष्मिता अर्धवट उठली, सर, मी धरतो, म्हणाली. बस, ते म्हणाले, मायेनंच, पण बस. रोहिणीच्या हातांना उठायचं होतं. फळीखाली तळवा लावला असता, कुणाला कळलंही नसतं, आणि सगळं एकतिसावर येऊन थांबलं असतं. तिनं हात मांडीवर ठेवले.

दादा फळी खाली ठेवून फळीकडंच बघत उभे राहिले. असे ते फक्त नवीन गणितापुढं उभे राहत, खालचा ओठ दातांत धरून. मुलांत चुळबुळ सुरू झाली. मग ते आत गेले आणि आतून आईचा आवाज आला, भरलेलाच कशाला, रिकामा न्या की. आणि दादांचा, भरलेलाच पायजे, रिकामा माझ्याबरोबर थरथरेल. तांदळाचा मोठा पितळी डबा दोघांनी मिळून आणला. "सांडलं तर न्यूटनलाच जेवायला बोलवीन," आई दारातून म्हणाली, आणि काल न आलेलं हसू खोलीत आत्ता आलं. दादांनी फळी उचलायची नाही असं ठरवलं होतं. डबा वरच्या टोकाखाली उभा केला आणि फळी त्याच्या काठावर टेकवली. डबा शहाबादी फरशीवरून भिंतीकडं सरकवला की फळी आपोआप उभी होत जाणार होती. ते गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही तळवे डब्याला लावले. उजवा हात थरथरत होता. मनगटापर्यंत, कोपरापर्यंत थरथरत होता. डबा थरथरत नव्हता. एवढ्याशा धक्क्यानं हलावा इतका तो हलका नव्हता. फक्त ते सगळं अंग लावून रेटायचे तेव्हा तो सरकायचा, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि थांबायचा. फळी चढू लागली. चोवीस गेले. ठोकळा जागचा हलला नाही. सत्तावीस गेले. दादांच्या कपाळावरचा घाम भुवईत येऊन थांबला होता आणि तो पुसायला त्यांनी हात काढला नाही. पंख्याचा खडखडाट चालूच होता, पण ऐकू येत नव्हता. डबा सरकला, थांबला, सरकला, आणि ठोकळा सुटला, यावेळी न अडखळता, एका दमात, आणि रोहिणीच्या गुडघ्याला येऊन लागला.

दादांनी तळवे तसेच ठेवले. रोहिणी फरशीवर आडवी झाली. गाल थंड शहाबादीला टेकवला, डावा डोळा मिटला, उजवा रेघांच्या पातळीत आणला. काटा स्थिर होता. तिनं एकदा वाचलं, डोळा उघडझाप करून पुन्हा वाचलं.

"साडेतीस अंश," ती म्हणाली.